गोमातेचा जयजयकार, गोदामाईत शेण

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' ही पदवी दिली. गोशाळांतील देशी गायींसाठी दर दिवशी दर गायीमागे ५० रुपयांचे अनुदान जाहीर झाले, फलक लागले, हारतुरे झाले, आणि मंत्रालयापासून पंचवटीच्या चौकापर्यंत गोभक्तीच्या घोषणांनी आकाश दुमदुमले. त्या भक्तीशी आमचे वैर नाही. जनावराला घरचे माणूस समजणाऱ्या कुणब्यांच्या मुलखात ते कोणाचेच नसावे. आमचे वैर आहे ते गायीच्या कपाळाला कुंकू लावून तिच्या शेणाकडे पाठ फिरवणाऱ्या कारभाराशी. नाशिकच्या वस्तीतल्या आणि वेशीवरच्या कित्येक गोठ्यांत शेण उचलले जात नाही, ते पाइपाच्या पाण्याने धुऊन नाल्यात लोटले जाते; नाल्यातून ते वाघाडी, नासर्डी, वालदेवी या नद्यांत उतरते; आणि ज्या पात्राच्या काठी रामकुंडावर आरतीचे दिवे ओवाळले जातात, ज्या पात्राच्या शुद्धीसाठी उच्च न्यायालयाला वर्षानुवर्षे महापालिकेचे कान उपटावे लागले, ज्याच्या नावावर आजवर कोट्यवधींची कामे निघाली आणि बिले फिटली, त्याच गोदावरीच्या पात्रात ते अखेर जाऊन मिसळते. राज्यमातेचे शेण गोदामाईच्या मुखात! आणि या पापाचे धनी एकटे गोठेवाले नाहीत.

शेणाची किंमत शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. ती शिकवावी लागते खुर्चीवर बसलेल्यांना. सुमारे २५ किलो ताजे शेण पाण्यात कालवून हवाबंद टाकीत कुजवले की एक घनमीटर वायू मिळतो, आणि त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो, निळ्या ज्योतीने जळणारा. चार-पाच जनावरांच्या दावणीला जोडलेला दोन घनमीटरचा संच नीट चालला तर महिन्याकाठी जवळजवळ दोन घरगुती सिलिंडरांइतका स्वयंपाक त्यावर होतो. टाकीतून बाहेर पडणारी स्लरी उन्हात वाळलेल्या उकिरड्याच्या शेणापेक्षा अधिक नत्र घेऊन द्राक्षाच्या आणि कांद्याच्या मुळाशी जाते. हाच मिथेन कोंडून न घेता मोकळा सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता वातावरणात धरून ठेवतो. म्हणजे जे टाकीत इंधन आहे, खत आहे, तेच नाल्यात विष आहे. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक गॅस जहाजांतून परदेशाहून येतो. तो महागला की नाशिकरोडच्या चाळीतल्या माउलीचे महिन्याचे गणित कोलमडते. परक्यांचा गॅस मोलाने घ्यायचा, घरचा गॅस पाण्यात बुडवायचा, आणि सभेत उभे राहून स्वावलंबनाचे धडे जनतेला द्यायचे, हा उद्योग ज्यांना लाज न वाटता करता येतो त्यांच्या हाती आपण शहर आणि राज्य सोपवून बसलो आहोत.

ही विद्या परकी आहे, अवघड आहे, आपल्या मातीत रुजत नाही, अशी पळवाट कोणी काढू नये. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून वायू काढून त्यावर दिवे लावले गेले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास स्वतःच्या हातांनी साफ केले, मैल्याचे सोनखत करण्याची रीत बसवली, आणि माणसाच्या डोक्यावरची मैल्याची पाटी उतरवणे हेच धर्मकृत्य मानून त्यात देह झिजवला. १९५९ साली देहूच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. सुहास मापुसकर तेथेच ठाण मांडून बसले. संडासाला जोडलेला 'मलप्रभा' बायोगॅस संच त्यांनी उभा करून दाखवला, आणि सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१७ साली, ते गेल्यानंतर. आपल्याच गंगापूरजवळच्या गोवर्धनात निर्मल ग्राम निर्माण केंद्राने शौचालय आणि बायोगॅसचे शिक्षण गावोगावच्या कार्यकर्त्यांना दिले. घरगुती गोबरगॅसच्या बांधणीत महाराष्ट्र देशात पहिला. आजवर नऊ लाखांहून अधिक संच राज्यात उभे राहिले. पण खड्डा खणला, घुमट बांधला, फोटो काढला, अनुदान वाटले की सरकारी यंत्रणेचा त्या संचाशी संबंध संपतो. गॅसची नळी फुटली, टाकीत गाळ साचला, शेगडीचे छिद्र बुजले, तर दुरुस्तीला येणारा माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही. संच बांधले किती याचा आकडा प्रत्येक अहवालात छापला जातो. आज त्यांतले पेटतात किती, हे सांगायची छाती कोणाची नाही.

आता खुद्द नाशिकच्या खटल्याकडे येऊ. २०१७ सालच्या अखेरीस पाथर्डी-विल्होळीच्या खतप्रकल्पाच्या आवारात कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा प्रकल्प वाजतगाजत सुरू झाला. जर्मन सरकारच्या हवामानविषयक निधीतून, जीआयझी या जर्मन संस्थेच्या साहाय्याने तो उभा राहिला. हॉटेलांतले खरकटे व ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैलागाळ मिळून दिवसाला ३० टन माल एकत्र कुजवायचा आणि त्या वायूवर रोज सुमारे ३,३०० युनिट वीज काढायची, अशी योजना होती; अशा मिश्र पद्धतीचा देशातला पहिला प्रकल्प म्हणून त्याचा डंका पिटला गेला. कल्पनेत खोट नव्हती, उलट ती उत्तम होती. नुसते खरकटे टाकीत भरले तर ते झपाट्याने आंबते, आम्ल वाढते आणि वायू करणारे जिवाणू मरतात. नुसत्या मैलागाळातून वायू फारसा निघत नाही, कारण त्याची ताकद आधीच खर्ची पडलेली असते. दोन्ही प्रमाणात मिसळले की टाकी स्थिर राहते आणि वायू भरपूर देते. जर्मन पैसा आला, यंत्रे आली, शास्त्र आले. नाशिक महापालिकेने आणायची होती ती एकच गोष्ट: रोज सकाळी, ठरलेल्या वजनाचा, प्लास्टिक-काच-चमचे नसलेला ताजा ओला कचरा.

तेवढेही जमले नाही. हा प्रकल्प भरल्या पोटाने चालल्याची वार्ता नाशिककरांना क्वचितच वाचायला मिळाली. खरकटे कमी पडते, मैला पुरेसा येत नाही, वीज ठरल्यापेक्षा कमी निघते, याच बातम्या वर्षानुवर्षे छापून येत राहिल्या. वाचकहो, आकडे शेजारीशेजारी ठेवा. या शहरात रोज पाचशे टनांहून अधिक कचरा गोळा होतो. आपल्याकडच्या शहरांतल्या कचऱ्यात निम्मा भाग ओला असतो, हे पालिकेचा साधा मुकादमही सांगेल. ज्या शहराच्या ताटांतून, मंडयांतून, मंगल कार्यालयांतून अडीचशे टन कुजणारा माल रोज बाहेर पडतो, ज्याची हॉटेले द्वारका चौकापासून कॉलेज रोडपर्यंत मध्यरात्रीपर्यंत चालू असतात, ज्याच्या देवस्थानांत भंडारे उठतात आणि पत्रावळींचे ढीग पडतात, त्या शहराच्या महापालिकेला ३० टनांच्या टाकीचे पोट भरता येत नाही! आणि ते भरले असते तरी उरलेल्या दोनशेहून अधिक टनांचे काय, हा प्रश्न सात-आठ वर्षांत एकाही अधिकाऱ्याच्या झोपेआड आलेला दिसत नाही. एक नमुना उभारला, पाहुण्यांना दाखवला, पुरस्कारांच्या अर्जात लिहिला. काम संपले.

हे आळसाने झाले असते तर आम्ही आळसाला शिव्या देऊन थांबलो असतो. पण आळस इतका नेमाने वागत नाही. कचरा उचलणे, वाहणे आणि दूर नेऊन टाकणे यात पैसा फिरतो. कचरा जेथल्या तेथे जिरवण्यात तो फिरत नाही. घंटागाडी ही नाशिकची ओळख. घंटा ऐकून डबा घेऊन दाराशी येणारी गृहिणी या शहराने इतरांच्या आधी पाहिली. त्याच घंटागाडीच्या पाच वर्षांच्या ठेक्याची रक्कम आधीच्या ठेक्याच्या दुप्पट होऊन साडेतीनशे कोटींच्या घरात गेली. ओला कचरा पाण्याने जड असतो. जेथे कचऱ्याच्या वजनावर बिल निघते, तेथे ओला कचरा उगमाशी जिरवणे म्हणजे बिल जिरवणे; आणि आपले बिल जिरवायला कोणता ठेकेदार निघेल, आणि त्याच्या ताटाशी ज्यांचे ताट लागले आहे असा कोणता कारभारी त्याला भाग पाडील? मिसळलेल्या कचऱ्यात सगळे लपते. माती लपते, दगड लपतो, न केलेल्या फेऱ्या लपतात, न बजावलेले कर्तव्य लपते. वेगळा केलेला कचरा मात्र मोजता येतो: इतके टन आले, इतका वायू निघाला, इतकी युनिट मिळाली. मोजता येते तेथे जाब विचारता येतो. म्हणूनच तो वेगळा होऊ दिला जात नाही.

यावर साहेबलोकांचे ठरलेले उत्तर असते: लोकच कचरा वेगळा करत नाहीत, लोकांना शिस्त नाही, जनजागृती करावी लागेल. हा आरोप आम्ही त्यांच्याच तोंडावर परत फेकतो. इंदिरानगरातली, सातपूरच्या कामगार वसाहतीतली, जेल रोडवरची बाई दोन डबे ठेवते, ओले एकात, सुके दुसऱ्यात. आणि तिच्या डोळ्यांदेखत ते दोन्ही डबे एकाच गाडीच्या एकाच कप्प्यात उपडे होतात. उद्या तिने दोन डबे का ठेवावेत? शिस्त कोणी मोडली, तिने की तिच्याकडून घरपट्टी घेणाऱ्यांनी? आणि त्या सरमिसळ ढिगातून प्लास्टिक वेचायला अखेर उभा राहतो तो हातमोज्याविना काम करणारा कंत्राटी कामगार, सुईने बोटे टोचून घेत, सडक्या वासात फुप्फुसे जाळीत. साहेबांच्या जनजागृतीची किंमत तो मोजतो. इंदूरकडे पाहा. तेथली माणसे आभाळातून पडलेली नाहीत. मराठी होळकरांनी वाढवलेले ते शहर आपल्यासारखेच खाते, पिते आणि टाकते. तेथे घरोघर कचरा वेगळा घेतला जातो, गाडीत वेगळ्या कप्प्यात जातो, आणि १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या तेथल्या ५५० टनांच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची दिवसाला सुमारे १७ हजार किलो गॅस काढण्याची क्षमता आहे. फरक नागरिकांत नाही. फरक कारभाराच्या दानतीत आहे.

कायदा नाही म्हणून हात बांधले आहेत, असेही नाही. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या हॉटेलांवर, मंगल कार्यालयांवर, संस्थांवर तो वेगळा करण्याची जबाबदारी टाकली. भाजी, फळ आणि मांसबाजारांच्या आवारात किंवा जवळपास खताचे वा बायोगॅसचे प्रकल्प उभे करायला उत्तेजन देण्याचे काम स्थानिक संस्थेवर टाकले. त्याहून आधीच्या, २००० सालच्या नियमांनी कचरा प्रक्रियेसाठी दिलेली मुदत ३१ डिसेंबर २००३ रोजीच संपली होती. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गोठे आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: शेण नाल्यात सोडायचे नाही, त्याचे खत किंवा बायोगॅस करायचा. मग पंचवटीच्या बाजार समितीत, पिंपळगाव बसवंतला, लासलगावला काय चालले आहे? भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो, चाळीतला कांदा सडून पाणी सुटते, शेतकरी डोळे पुसत गाडी रिकामी करतो. त्या सडक्या मालातूनही वायू निघतो, खत निघते, दोन पैसे निघतात. आवारात येणाऱ्या प्रत्येक गाडीवर सेस घेणाऱ्या, संचालकपदाच्या निवडणुकीत पैशाचा पाऊस पाडणाऱ्या या समित्यांच्या तोंडून बायोगॅसचा शब्द निघतो तो मंत्री येणार असले तरच. गोठेवाल्याला नोटीस देऊन गप्प बसणाऱ्या आरोग्य विभागाला आम्ही विचारतो: पाच-दहा गोठ्यांमागे एक सामाईक टाकी, शेण उचलायला एक ट्रॅक्टर, आणि शेणाला किलोमागे ठरलेला दर, एवढे देण्याची योजना तुम्ही कधी आखलीत? शेणाला मोल दिलेत तर ते नाल्यात सोडायला गवळी वेडा आहे काय?

वरचे दरबारही काही कमी नाहीत. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात 'गोबरधन' योजनेची घोषणा झाली. पुढे स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तिच्यासाठी एका जिल्ह्याला जास्तीत जास्त ५० लाख रुपये ठेवले गेले. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके, तेराशेहून अधिक ग्रामपंचायती, लाखो जनावरे. आणि त्या सर्वांच्या शेणासाठी ५० लाख! शहरातल्या एका सुशोभित चौकालाही याहून अधिक लागतात. १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' योजना आली. २०२३-२४ पर्यंत ५,००० प्रकल्प, वर्षाला दीड कोटी टन दाबयुक्त बायोगॅस, अशा गर्जना झाल्या. ते साल उलटले तेव्हा या योजनेत प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या प्रकल्पांची संख्या शंभराच्या आत होती. पाच हजारांत शंभरही नाहीत, आणि त्याबद्दल एकाही मंत्र्याने जनतेपुढे मान खाली घातली नाही. आता सीएनजीत आणि घरगुती नळाच्या गॅसमध्ये २०२५-२६ पासून १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के बायोगॅस मिसळण्याचे बंधन गॅस कंपन्यांवर आले आहे. म्हणजे गिऱ्हाईक दारात उभे आहे, माल आपल्या उकिरड्यावर पडला आहे, आणि मधले दुकान उघडायचे ज्यांच्या हाती आहे ते भूमिपूजनाचा मुहूर्त काढत बसले आहेत.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे आहेत, आणि त्यांतल्या जुन्या केंद्रांत मैला हवेविना कुजवण्याची पद्धत वापरली गेली. हवेविना मैला कुजतो तेथे मिथेन निघतो. निसर्ग महापालिकेचा ठराव होईपर्यंत थांबत नाही. तो वायू रोज किती निघाला, किती धरला, किती जाळला आणि किती नुसताच हवेत सोडला? विजेचे बिल नाशिककर भरतो, पंप त्याच विजेवर चालतात. तेव्हा हा हिशोब मागण्याचा त्याचा हक्क आहे. तो प्रभाग कार्यालयाच्या फलकावर रोज लिहून ठेवावा, इतकी साधी ही बाब आहे. पण हिशोब लिहायचा म्हटले की या कारभाराच्या बोटांना पक्षाघात होतो.

आता सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान. हजारो कोटींचे आराखडे रंगले आहेत. रस्ते, पूल, घाट, रोषणाई, सगळे आहे. साधुग्रामात आखाडे उतरतील, अन्नछत्रे रात्रंदिवस पेटतील, कोट्यवधी भाविक जेवतील, शौचाला जातील, निघून जातील. खरकटे आणि मैला एकत्र कुजवून वीज काढण्याचा प्रयोग ज्या शहराने २०१७ साली जगाला दाखवायला घेतला, त्या शहराला आपली विद्या सिद्ध करण्याची याहून मोठी संधी कोणती? अन्नछत्राशेजारी टाकी, शौचालयांच्या रांगेशेजारी टाकी, त्याच गॅसवर त्याच अन्नछत्राची चूल: यात अशक्य काय आहे? पण टाकी आधी बांधावी लागते, तिच्यात जिवाणू रुजायला आठवडे द्यावे लागतात, माणसे आधी शिकवावी लागतात. मेळ्याच्या आदल्या रात्री निविदा काढून ते होत नाही. रात्रीत होते ते एकच: शेकडो डंपर, पाथर्डीचा कचऱ्याचा डोंगर, आणि पावसाळ्यात त्यातून झिरपणारे काळे पाणी विल्होळीच्या विहिरींच्या दिशेने. पुण्य नाशिकचे, दुर्गंधी विल्होळीची. ही वाटणी त्या गावांनी का मान्य करावी?

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या शहरात निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकाची राजवट होती आणि 'लोकप्रतिनिधी अडथळा आणतात' ही सबबही उरली नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये नवे सभागृह निवडून आले. आता 'अधिकारी ऐकत नाहीत' हे रडगाणे आम्ही ऐकून घेणार नाही. दोघांनाही आमचा निर्वाळा एकच आहे: नाशिकमध्ये ना पैसा कमी पडला, ना शास्त्र, ना माल, ना लोकांची तयारी. कमी पडली ती प्रामाणिकपणाची चाड. ज्यांनी परक्या देशाच्या देणगीतून उभा राहिलेला प्रकल्प उपाशी ठेवला, ज्यांनी दोन डब्यांतला कचरा एका गाडीत कोंबू दिला, ज्यांनी गायीला माता म्हणून तिचे शेण नदीत वाहू दिले, ते या शहराचे अपराधी आहेत.

म्हणून नाशिककरांना आमचे सांगणे आहे. पुढच्या महासभेच्या आत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठा आणि लेखी विचारा: काल आपल्या प्रभागातून वेगळा केलेला ओला कचरा किती टन गेला, पाथर्डीच्या टाकीत त्यातला किती पोहोचला, वायू किती निघाला, वीज किती युनिट झाली, आणि आपल्या हद्दीतल्या कोणत्या गोठ्याचे शेण आजही नाल्यात जाते. दाराशी आलेल्या घंटागाडीत दोन कप्पे नसतील तर कचरा देऊ नका, गाडीचा क्रमांक लिहून घ्या आणि तक्रार नोंदवून तिची पोच मागा. आणि हे आकडे महापालिका रोज जाहीर करू लागेपर्यंत, या शहरात कचऱ्यापासून ऊर्जेच्या कोणत्याही नव्या प्रकल्पाचा नारळ फुटेल त्या मंडपात एकाही नाशिककराने पाऊल टाकू नये.